मदत हवी आहे: रात्री पाय दुखतात म्हणून लेक रडत उठतो

झोप_हरवली
तीन आठवडे झाले हे चाललंय. रात्री साडेअकरा-बाराला रडत उठतो, आई पाय चेप, पाय चेप. चेपत बसलं की अर्ध्या तासाने तो गाढ आणि मी टक्क जागी, सकाळी सातला माझी बस. तेल लावून झालं, कॅल्शियमचं सिरप चालू आहे, काही फरक नाही. नेटवर शोधलं तर असले भयंकर आजार वर आले की फोन उपडा ठेवून दिला. अनुभव असेल तर प्लीज लवकर सांगा, आज रात्री परत तेच होणार आहे.

निवांत_काका
मुलगा केवढा आहे ते लिहिलं नाहीत.

घाण्याचंच_तेल
तिळाचं तेल कोमट करा, त्यात ओवा टाका, तळपायापासून मांडीपर्यंत चोळा. आमच्या धाकटीला आठ दिवसांत गुण आला. पण लाकडी घाण्याचंच हवं, पिशवीतलं रिफाइंड लावून काही होत नाही.

नागपुरी_संत्रं
तेल कोणतंही लावा हो, गुण चोळण्याचा असतो. काहून उगाच तेलावर खर्च करायला लावता त्यांना.

घाण्याचंच_तेल
तुम्ही लावून बघितलंय का कधी? मग बोला.

दोन_पोरांचा_बाप
तेल बाजूला ठेवा जरा. ताई, वय काय, दोन्ही पाय की एकच, दुखतं नेमकं कुठे (पोटऱ्या, मांड्या की सांध्यातच), सकाळी लंगडतो का, ताप येतो का? आमच्या थोरलीचं चार ते सात वर्षं असंच चाललं होतं म्हणून विचारतोय.

झोप_हरवली
हो वय राहिलंच, साडेपाच. ताप नाही, सूज नाही. सकाळी विचारलं तर रात्री उठलो होतो हेच त्याला आठवत नाही, उड्या मारत खाली सायकल खेळायला. पोटरी दुखते म्हणतो, उजवी.

दोन_पोरांचा_बाप
उजवीच? रोज?

झोप_हरवली
मी उजवीच चेपते. म्हणजे तो माझ्या डावीकडे झोपतो, माझ्या बाजूला त्याचा उजवा पाय असतो... थांबा, आज नीट विचारते.

इंद्रायणी_तांदूळ
अर्धी निमेसुलाइड द्या, शांत झोपेल. आम्ही लहानपणी तेच घेतलंय.

फिजिओ_ताई
अजिबात नको! १२ वर्षांखालच्या मुलांना निमेसुलाइड द्यायला भारतात २०११ पासून बंदी आहे, लिव्हरला धोका असतो म्हणून. ॲस्पिरिनही नको. फारच दुखत असेल तर पॅरासिटामॉल, तेही वजनावर ठरतं. बाटल्या ५ मिलीत १२० मिग्रॅ आणि २५० मिग्रॅ अशा वेगवेगळ्या ताकदीच्या येतात, चमच्याच्या अंदाजाने देऊ नका, डॉक्टरांना फोन करून वजन सांगा आणि किती मिली ते विचारा.

निवांत_काका
याला वाढीचं दुखणं म्हणतात, हाडं लांबतात म्हणून दुखतं. आमची आई ओढणी घट्ट बांधून द्यायची पायाला, लगेच बरं वाटायचं.

शंकासुर_९
काका, नाव तसं आहे, कारण ते नाही. एका फ्रेंच डॉक्टरने १८२३ मध्ये हे वाढीशी जोडलं आणि तेच चिकटलं. मुलं सगळ्यात भराभर वाढतात ती पहिल्या वर्षात आणि वयात येताना, आणि हे दुखणं येतं तीन ते बारात. नेमकं कारण अजून कुणाला पक्कं सापडलेलं नाही.

निवांत_काका
बरं, नसेल. ओढणीने बरं वाटायचं एवढं तर खरं ना.

फिजिओ_ताई
बांधलं की बरं वाटतं ते खरंय काका, पण रात्रभर घट्ट ठेवू नका, झोप लागली की सोडा. ताई, झोपायच्या आधी स्ट्रेचिंग करून बघा. उताणं झोपवून गुडघा सरळ ठेवा आणि पाऊल हलकेच त्याच्या अंगाकडे वाकवा, पोटरी ताणली जाते. मग पालथं करून टाच ढुंगणाकडे न्या, पुढची मांडी ताणली जाते. वीसेक सेकंद धरायचं, तीन-चार वेळा, दोन्ही पायांना, दुखेल इतकं ओढायचं नाही. शेक द्यायचा तर पिशवी फडक्यात गुंडाळून. कापराचे बाम लहान मुलांना नकोच, हाताला लागून तोंडात जातात. आणि तो दिवसभर खेळतो काय काय?

झोप_हरवली
स्केटिंगचा क्लास लावलाय महिन्याभरापूर्वी, आठवड्यातून तीनदा. पण ते संध्याकाळी, तेव्हा तर काहीच दुखत नाही त्याचं.

दोन_पोरांचा_बाप
अहो ताई 😄 हे आधी सांगायचं! आमच्याकडे हुंदडून आली की त्याच रात्री हमखास. क्लासचे वार आणि रडण्याच्या रात्री कॅलेंडरवर लिहून ठेवा.

ऊन_खा
डी जीवनसत्त्व कमी असणार. ६०,००० युनिटची पावडर मिळते, आठवड्याला एक, दुधातून.

फिजिओ_ताई
आपल्याकडे डी कमी असतं बऱ्याच मुलांचं, तपासायला हरकत नाही, पण मनाने पावडर नको. जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, किडनीला त्रास होतो. कॅल्शियमच्या सिरपमध्येही बहुतेक वेळा डी असतंच, लेबल बघा.

कोकणकन्या_२१
माझ्या सासूबाईंच्या पायात रात्री गोळे येतात, त्यांना हे स्ट्रेचिंग चालेल का? वय ७१, बीपीची गोळी चालू.

नागपुरी_संत्रं
केळी द्या.

फिजिओ_ताई
बीपीच्या काही गोळ्यांनी गोळे येतात, त्यांच्या डॉक्टरांना विचारा. वेगळा धागा काढा ना.

झोप_हरवली
काल विचारलं. "डावा पण दुखतो, पण तू उजवाच चेपतेस" म्हणे. मग त्याने बाबाला उठवलं, डाव्या पायासाठी. कॅलेंडर बघितलं तर रडण्याच्या रात्री बहुतेक सोमवार, बुधवार, शुक्रवार, क्लासचेच वार. तरी पहिल्या डॉक्टरांनी न तपासताच सिरप लिहून दिलं होतं त्यामुळे डोक्यात किडा आहेच.

दोन_पोरांचा_बाप
एकदा नीट तपासून घ्याच. आमच्या डॉक्टरांनी मला पाठ करून घेतलं होतं: रोज एकच पाय, सकाळीही दुखणं, लंगडणं, सांध्याला सूज, ताप, वजन उतरणं, अंगावर आपोआप काळेनिळे डाग, चेपायला हात लावला तर उलट ओरडणं. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी. तुमचा तर चेप म्हणतोय.

झोप_हरवली
यातलं एकही नाही. शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीय, दुसरीकडे. आज स्ट्रेचिंग केलं, गुदगुल्या होतात म्हणून दहा मिनिटं नुसता हसत लोळला. आता साडेबारा झालेत, अजून उठलेला नाही, मीच जागी आहे.

घाण्याचंच_तेल
तेल लावलंत का?