व्हिडिओ टाकायच्या आधी स्क्रिप्ट कुणाला दाखवता का?

बालाघाटी:
मी दोन वर्षं झाले आमच्या भागातल्या बारवा, गढ्या, जुन्या देवळांचे व्हिडिओ करायलोय, शूटिंग, लिहिणं, आवाज, एडिटिंग सगळं एकट्यानंच. आता ओळखीचे एक सर म्हणायलेत की टाकायच्या आधी मला वाचायला देत जा. माझं मन होईना, कारण पेपरची नोकरी सोडली ती ह्याच्यासाठीच की डोक्यावर कुणी नको. पण परवा एका शिलालेखातलं शक वर्ष मी तसंच इसवी सन म्हणून सांगून टाकलं, 78 मिळवायचे राहूनच गेले अन् ध्यानात येईपर्यंत लई जणांनी बघितलं. तुम्ही काय करता?

तेरणाकाठ:
द्या वाचायला. मी किल्लारीच्या भूकंपावर लिहिलं तेव्हा तारीख टाकली 29 सप्टेंबर 1993, कारण आमच्याकडं सगळे 'विसर्जनाच्या रात्री' असंच म्हणतात. उमरग्याच्या मैत्रिणीनं वाचलं अन् विचारलं, किती वाजता झाला? पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी. मग 30 तारीख लागली की रे! मी दहादा वाचलं होतं, एकदाही दिसलं नाही.

अन् खरी मदत तर पुढंच झाली. मी लिहिलं होतं 'माळवदं बसली अन् माणसं दबली'. ती म्हणली हे तुला मला कळतं, नाशिकच्या माणसाला माळवद काय माहीत? मग नीट लिहिलं, दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडावर मातीचा थर, गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर अजून माती टाकायची, असं वजन वाढत गेलेलं, अन् सगळे गाढ झोपेत. 6.2 तीव्रतेच्या भूकंपात जवळपास 10 हजार माणसं का गेली ते त्यातच आहे. लोकांनी मला सगळ्यात जास्त त्याच भागाबद्दल विचारलं, अन् तो लिहायचं माझ्या डोक्यातच नव्हतं.

डोक्यावर बसायचं म्हणाल तर ती फक्त विचारती, ठेवायचं का काढायचं ते मीच ठरवतो.

मांजरामाय:
देताना एक सांभाळा. मी पॉडकास्टची स्क्रिप्ट एकाला दिली तर त्यानं सगळ्या 'लई'चं 'खूप' केलं, रेकॉर्ड करताना मला माझाच आवाज परका वाटायला. आधीच सांगायचं, नाव, गाव, साल तपासा, कुठं कळंना ते सांगा, बोलीला हात नका लावू. अन् फुकट नका घेऊ कुणाकडून. मी एका पोरीच्या शेतीच्या व्हिडिओचं वाचते, ती माझं वाचती.

बालाघाटी:
तेरणाकाठ, ते 'किती वाजता' डोक्यात बसलं बघा. धारूरच्या किल्ल्याची स्क्रिप्ट झालीय, उद्याच सरांना देतो, अन् माझं 'करायलोय' तसंच ठेवा म्हणून आधीच सांगतो.