‘लॉर्डोसिस’ हा आजार आहे की कण्याचा नैसर्गिक आकार?

प्रश्न (कोथरूड, पुणे)
आईच्या कमरेच्या एमआरआयच्या अहवालात ‘लंबर लॉर्डोसिस कमी झालेला दिसतो’ असे लिहिले आहे. आमच्या शेजारच्या काकूंना मात्र लॉर्डोसिस ‘झाला’ म्हणून व्यायाम सांगितले होते. जे असणे हा एकीचा त्रास, तेच कमी होणे हा दुसरीचा त्रास कसा ठरतो? या शब्दाचा नेमका अर्थ कृपया कोणी सांगावा.

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, सदाशिव पेठ)
बाजूने पाहिल्यास निरोगी कणाही सरळ नसतो. मानेच्या ७ आणि कमरेच्या ५ मणक्यांपाशी तो पुढच्या बाजूला वळलेला असतो, त्या वळणास लॉर्डोसिस म्हणतात. छातीच्या १२ मणक्यांपाशी आणि त्रिकास्थीपाशी (कमरेखालचे त्रिकोणी हाड) तो मागे वळतो, तो कायफोसिस. नवजात बाळाचा कणा जवळजवळ एकाच बाजूला वाकलेला असतो. बाळ मान धरू लागले की मानेचे वळण स्पष्ट होते आणि उभे राहून चालू लागल्यावर कमरेचे. त्यामुळे लॉर्डोसिस असणे हा मुळात आजार नव्हे. काकूंच्या बाबतीत बहुधा ‘प्रमाणाबाहेर वाढलेला लॉर्डोसिस’ असे म्हणायचे असावे. बोलताना पहिले दोन शब्द गळतात आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

आईंच्या अहवालातील वाक्याने घाबरू नये. कमरेत उसण भरली की स्नायू आखडून हे वळण सपाट होते, शिवाय एमआरआय उताणे झोपवून, बहुतेकदा गुडघ्यांखाली उशी देऊन काढतात, त्यानेही ते कमी दिसते. मणक्यांमधील चकती आणि नसा यांविषयी अहवालात काय लिहिले आहे, ते अधिक महत्त्वाचे. मात्र पायातील शक्ती कमी होणे, जांघेत बधिरपणा येणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

उत्तर (भाषांतरकार, कर्वेनगर)
लॉर्डोसिसच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘मागे झुकलेला’, म्हणजे कमर पुढे येऊन वरचे अंग मागे गेलेला, असा आहे. मराठीत कायफोसिससाठी ‘पोक’ लिहितात, पण पोक हे नेहमी व्यंगच समजले जाते, त्यामुळे छातीमागच्या निरोगी वळणाला तो शब्द लावणे मला पटत नाही. लॉर्डोसिससाठी रुग्णांच्या माहितीपत्रकात मी ‘कमरेची कमान’ असे लिहिते.

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, सदाशिव पेठ)
‘कमान’ रुग्णांना लगेच समजेल. फक्त ‘कमान गेली’ असे लिहू नये, कारण वाचणाऱ्यास हाड मोडल्यासारखे वाटते. ‘कमान सपाट झाली आहे’ असे लिहावे.