कॅलिफोर्निया की टेक्सास: वाचलेला प्राप्तिकर नेमका जातो कुठे?

धागाकर्ता:
कॅलिफोर्नियात सनीव्हेलमध्ये अकरा वर्षे भाड्याच्या घरात काढून गेल्या वर्षी आम्ही ऑस्टिनच्या उत्तरेस सीडर पार्कला स्वतःचे घर घेतले, आणि राहणीमानाच्या दृष्टीने टेक्सास सरस आहे, असे माझे मत आता पक्के झाले आहे. टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही. २०१९ साली मतदारांनी राज्यघटनेतच दुरुस्ती करून तो लावण्यास मनाई केली. आम्हा दोघांच्या मिळून दोन लाख डॉलर पगारावर कॅलिफोर्निया वर्षाला दहा-अकरा हजार डॉलर घेत असे. ज्या सहा लाखांत तिकडे दोन बेडरूमचे अपार्टमेंटही धड मिळाले नसते, त्यांत इथे चार बेडरूम, अंगण आणि तुळशीला ऊन मिळाले. ज्यांचे मत वेगळे असेल, त्यांनी ते कारणांसह मांडावे.

फ्रीमाँटकर:
आपण हिशेबाची एकच बाजू मांडली आहे. टेक्सासमध्ये शाळा, काउंटी आणि शहर यांचा खर्च प्रामुख्याने मालमत्ता करातून भागतो आणि आपल्या भागात तो सगळा मिळून घराच्या किमतीच्या दोन टक्क्यांच्या आसपास जातो; म्हणजे राहत्या घराची सवलत धरूनही आपल्याला दहा हजारांच्या वर भरावे लागत असणार. प्राप्तिकरात वाचले ते तिथे गेले. फरक इतकाच की, प्राप्तिकर पगाराबरोबर थांबतो. २०२३ च्या नोकरकपातीनंतर मी सात महिने घरी होतो, तेव्हा त्या वर्षीचा राज्याचा कर आपोआप घटला. मालकाला नोकरी आहे की नाही, हे घरावरचा कर विचारत नाही. शिवाय मतदारांनी १९७८ मध्ये मंजूर केलेल्या ‘प्रपोझिशन १३’ या तरतुदीमुळे कॅलिफोर्नियात करासाठीचे मूल्यांकन घर पुन्हा विकले जाईपर्यंत वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढत नाही, तर टेक्सासमध्ये राहत्या घरासाठी ही मर्यादा दहा टक्के आहे.

प्लेनोवासी:
प्रपोझिशन १३ चे गुणगान आधी आलेल्यांनीच करावे. एकाच गल्लीतील दोन सारख्या घरांपैकी १९८५ साली घेतलेल्या घराचा मालक नव्या शेजाऱ्याच्या कराचा किरकोळ हिस्सा भरतो, आणि आपण मराठी मंडळी बहुतेक वेळा त्या नव्या शेजाऱ्याच्या जागी असतो. घरच हाताबाहेर असेल, तर करवाढीच्या मर्यादेचा उपयोग काय? घरखर्च जमेस धरून जनगणना विभाग गरिबीचे जे पूरक मोजमाप काढतो, त्यात हेच कॅलिफोर्निया देशातील सर्वाधिक गरिबीच्या राज्यांत असते. पासष्टीनंतर शाळेचा कर गोठवण्याची सोय टेक्सासमध्ये आहे, तिचा उल्लेख वर कुठेही नाही.

दोन्हीकडे राहिलेली:
करावर एवढा खल झाला, पण फेब्रुवारी २०२१ मधली टेक्सासची वीजटंचाई कोणालाच आठवली नाही, याचे नवल वाटते. केंद्राचे नियमन टाळण्यासाठी टेक्सासने आपले वीजजाळे शेजारी राज्यांपासून जवळपास तोडून ठेवले आहे. त्यामुळे थंडीत गॅसपुरवठा आणि वीजकेंद्रे गारठली, तेव्हा बाहेरून पुरेशी वीज आणता येईना. राज्य सरकारच्या आकड्यानुसार २४६ माणसे दगावली. ऑस्टिनजवळच्या राउंड रॉकमध्ये आम्ही तीन दिवस गाडीत बसून फोन चार्ज केले आणि बर्फ वितळवून संडासात ओतला. कॅलिफोर्नियाही निर्दोष नाही. वणव्याच्या भीतीने तिथेही वीज बंद करतात आणि डोंगराजवळच्या घरांना विमा मिळणे अवघड झाले आहे. मात्र २०२३ च्या उन्हाळ्यात ऑस्टिनचा पारा सलग ४५ दिवस शंभर फॅरनहाइटला किंवा त्यापुढे गेला, तेव्हा पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई घरातच बसून राहिल्या. सनीव्हेलला त्या रोज चालत वाचनालयात आणि भाजीच्या दुकानात जात. “घर मोठं आहे गं, पण कोणीतरी कोंडून ठेवल्यासारखं वाटतं,” असे त्या म्हणाल्या होत्या.

सॅन होजेवासी:
आपण नेमके कोणाचे राहणीमान मोजत आहोत? इथे लिहिणाऱ्या बहुतेकांना कंपनीचा आरोग्यविमा असावा. टेक्सासने गरिबांसाठीच्या मेडिकेड या सरकारी आरोग्यविम्याचा विस्तार स्वीकारलेला नाही आणि विमा नसलेल्यांचे प्रमाण तिथे देशात सर्वाधिक आहे. किमान वेतन केंद्राचे २००९ पासून लागू असलेले ताशी ७.२५ डॉलरच आहे; कॅलिफोर्नियात ते २०२५ मध्ये १६.५० डॉलर झाले. बाळंतपणानंतरची अंशतः पगारी कौटुंबिक रजाही कॅलिफोर्नियाने २००४ पासून लागू केली आहे. आपले चार बेडरूमचे घर ज्यांनी भर उन्हात बांधले, त्यांनाही टेक्सास सरस वाटते का, हे विचारायला हवे.

धागाकर्ता:
नोकरी गेल्यावरही घरावरचा कर चालूच राहतो, याचा विचार मी केला नव्हता. अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेत तो आता धरावा लागेल. तरीही घर मुळात घेता आले, ही गोष्ट माझ्या लेखी सर्वांत मोठी आहे आणि त्यामुळे माझे मत कायम आहे. किमान वेतनाबद्दल सांगायचे, तर ७.२५ डॉलरला आमच्या भागात कोणी कामाला मिळत नाही; विम्याच्या मुद्द्यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. माझी आई जूनमध्ये येणार होती. तिचे तिकीट आता नोव्हेंबरचे काढतो.