पॅरासेलिंग : बोटीवरून, बेटापाशी, दोराच्या टोकाला. तुमचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात आम्ही घरचे सहा जण मॉरिशसला जाऊन आलो. पूर्व किनाऱ्यावरच्या त्रू दो दूस या गावातून एक लहान कॅटामरान (जोड तळांची बोट) दिवसभरासाठी फक्त आमच्यासाठी ठरवला होता. इल ओ सेर्फ बेटापर्यंत जायचं, वाटेत धबधबा बघायचा, बोटीवरच जेवायचं, एवढंच डोक्यात होतं. पॅरासेलिंग, म्हणजे बोटीला दोराने बांधलेल्या छत्रीखाली हवेत तरंगणं, यादीत नव्हतंच. ते आलं माझ्या ७१ वर्षांच्या सासूबाईंमुळे.

तिथे लगूनच्या, म्हणजे प्रवाळाच्या भिंतीआडच्या उथळ पाण्याच्या, मधोमध एक तरंगता तराफा नांगरून ठेवलेला असतो. स्पीडबोट तुम्हाला त्यावर आणून सोडते, आणि किनाऱ्यावरून न उडता तुम्ही तिथूनच उडता. आमचा कॅटामरान जवळून चालला होता. सासूबाईंनी वर बघितलं, लालपिवळ्या छत्रीखाली कुणीतरी पाय हलवत बसलं होतं. "पडत नाहीत का?" म्हणाल्या. मी म्हटलं, नाही पडत. "मग मला जायचंय."

नवऱ्याचा चेहरा उतरला. माझाही उतरला असणार. पण त्यांचं बीपी ठीक, गुडघे ठीक, रोज पर्वतीला जाणारी बाई. आम्ही तराफ्यावर गेलो. तिथल्या मुलाने आधी वजन विचारलं, मग पाठीचं दुखणं, ऑपरेशन, चक्कर, सगळं. लाइफ जॅकेट, त्यावर हार्नेस. मांडीखालून येणाऱ्या दोन्ही पट्ट्यांत त्याने दोन बोटं घालून बघितली आणि एक पट्टा परत आवळला. सासूबाईंनी मंगळसूत्र आणि बांगड्या काढून रुमालात बांधून माझ्या हातात दिल्या. त्या रुमालाची गाठ मी त्या खाली येईपर्यंत सोडली नाही.

दोन मुलांनी छत्रीची कड धरून वाऱ्यावर उघडली, बोट निघाली, दोर ताणला, आणि तीन पावलं चालून सासूबाई गेल्या. पळावंसुद्धा लागलं नाही. पाच-सात मिनिटांनी त्याच तराफ्यावर परत. दोघांनी दोन्ही बाजूंनी धरलं, त्या उभ्याच्या उभ्या उतरल्या.

खाली आल्यावर पहिलं वाक्य : "वर बोटीचा आवाजच येत नाही गं. पट्ट्यांत वारा घुमतो तेवढाच." मग थोड्या वेळाने, पाणी पिऊन झाल्यावर, "लहानपणी पाखरं राखायला माळ्यावर बसायचो ना ज्वारीत, तसं वाटलं. सगळं रान दिसतंय आणि आपल्याला कुणी हाक मारत नाहीये."

नंतर मीही गेले. वरून दिसतं ते असं : दूरवर प्रवाळाच्या भिंतीवर फुटणाऱ्या लाटांची एक पांढरी रेघ, तिच्या पलीकडे गडद निळा हिंदी महासागर, अलीकडे हिरवट काचेसारखं उथळ पाणी. पण मला सासूबाईंचं ते माळ्याचं वाक्यच आठवत राहिलं.

एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या कॅटामरानचा कप्तान आमचं बोलणं ऐकून म्हणाला, "आम्ही पण मराठी." पणजोबांचे वडील रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यात आलेले. घरात आता क्रिओल बोलतात, त्याला मराठीची मोजकीच वाक्यं येतात. पण गणपतीला तिथे सरकारी सुट्टी असते आणि त्याच्या गावात अजून झाकरी नाचतात. झाकरी म्हणजे आपली कोकणातली जाखडी! त्याने चालत्या बोटीवर दोन ओळी म्हणून दाखवल्या. शब्द पुरते कळले नाहीत, ठेका कळला. त्यानेच सांगितलं की आदल्या दिवशी आग्नेयेचा वारा जास्त होता म्हणून सकाळपासून एकही छत्री उघडली नव्हती. त्या वाक्याने माझा विश्वास बसला.

तर तुम्ही लिहा. कुठे गेलात, कोणत्या महिन्यात, आधी काय तपासलं, काय सांगितलं, वर काय वाटलं. नुसतं "मस्त होतं" नको. जे गेले नाहीत त्यांनीही लिहा.

*

कर्लीकाठ

तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा. मी देवबागचा. अकरा वर्षं पॅरासेलिंगच्या बोटीवर आधी खलाशी, आता दोराकडे असतो. थोडं लांबेल, पण हे लिहायची कधीची इच्छा होती.

आमच्याकडे तराफा नाही. बोटीच्या मागच्या बाजूलाच सपाट फळी असते, माणूस तिच्यावर बसतो, आणि दोर विंचवरून, म्हणजे दोर गुंडाळायच्या यंत्रावरून, सोडत सोडत त्याला वर घालवतात. परत आणतानाही विंचच गुंडाळते. माणसाला पळावं लागत नाही. किनाऱ्यावर जीपला दोर बांधून ओढतात तो प्रकार मला कधीच पटला नाही. वाळूवर माणसं असतात, खांब असतात, आणि पडायचं झालं तर खाली पाणी नसतं.

लोक विचारतात, बोट बंद पडली तर? तर काही नाही. छत्री हळूहळू खाली येते, तुम्ही पाण्यात बसता, आम्ही उचलतो. छत्री आहे ती, दगड नाही. दोर तुटला तरी वारा बेताचा असेल तर हेच होतं. २०२१ च्या नोव्हेंबरात दीवच्या नागोआ किनाऱ्यावर एका जोडप्याचा दोर तुटला होता, तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल. दोघंही पाण्यात उतरले आणि वाचले. खरी भीती जोराच्या वाऱ्याची. वारा जास्त असला की सुटलेली छत्री खाली बसत नाही. ती माणसाला पाण्यावरून फरफटत नेते, नाहीतर किनाऱ्याकडे, झाडांवर, तारांवर. म्हणून मी दोराच्या आधी वारा बघतो.

सकाळी मतलई असते, जमिनीकडून येणारी. ती मऊ असते. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा चढतो आणि लाटही उठते. येणार असाल तर सकाळीच या. चारच्या सुमारास गर्दी असते, पण ती वेळ आमच्या सोयीची नाही.

आता दोर. दोर सहसा मधे तुटत नाही, टोकाला तुटतो. जिथे गाठ असते तिथे तो वाकतो, घासतो, मीठ आणि ऊन खातो. गाठ मारली की दोराची ताकद तिथे कमी होतेच. आम्ही ते टोक ठरावीक दिवसांनी कापून टाकतो आणि नवीन गाठ मारतो. बोटीवर चढलात की टोकाकडचा हातभर दोर बघा. केसाळ झालाय का, रंग उडून कडक झालाय का. हात लावून बघा. कुणी हात लावू दिला नाही तर उतरा. मेरीटाईम बोर्डाचा परवाना मागा, त्यात लाजायचं काही नाही. पावसाळ्यात आमचं सगळं बंद असतं. तेव्हा कुणी "चला, करून देतो" म्हणालं तर जाऊ नका.

आणि वर गेल्यावर पाय सोडून बसा. पट्टे घट्ट धरून काही फायदा नाही, ते तुम्हाला धरून असतात.

*

उन्हाळी सुट्टी

पटाया, कोरल आयलंडची स्पीडबोट. बेटाकडे जाताना बोट मधेच समुद्रातल्या एका मोठ्या तराफ्याला लागते आणि सगळ्यांना उतरवतात. शंभरेक माणसं रांगेत. एक उतरला की दुसरा वर, हार्नेस एकाच्या अंगावरून काढून ओलाच दुसऱ्याच्या अंगावर. माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला पुढे ओढलं. त्याच्या उजव्या मांडीचा पट्टा नुसता लोंबत होता. मी ओरडलो. त्या माणसाने हसून "ओके, ओके" केलं आणि दोर अडकवायला लागला. मी मुलाचा हात धरून त्याला रांगेतून बाहेर काढलं. मागचे लोक चिडले. मग दुसरा एक वयस्क माणूस आला, त्याने पट्टा लावला, माफी मागितली, आणि जा म्हणाला. मुलगा माझ्याकडे बघत होता. मी नाही म्हटलं.

तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. आज तो एकवीस वर्षांचा आहे आणि तरीही मला तो निर्णय बरोबर वाटतो. कर्लीकाठ, तुम्ही तेव्हा भेटला असतात तर त्याला तुमच्या बोटीवर पाठवला असता.

*

निळावंती

मालदीव, फेब्रुवारी. एकच बेट, एकच रिसॉर्ट. मी आणि लेक, दोघी छत्रीखालच्या एका आडव्या दांडीला शेजारी शेजारी. तिचं वजन एकटीने जायला कमी पडत होतं, म्हणून जोडीने.

मला एकच गोष्ट सांगायची आहे. वर गेल्यावर छत्रीची सावली पाण्यावर पडलेली दिसते, आणि त्या सावलीच्या शेजारी एक बारीक ठिपका, तो आपण. ती सावली वाळूच्या तळावरून सरकत सरकत प्रवाळाच्या कडेपर्यंत गेली आणि तिथे नाहीशी झाली. कडेनंतर तळच नाही, एकदम काळंनिळं. लेक म्हणाली, "आई, आपण गेलो." एवढं हळू आवाजात म्हणाली तरी ऐकू आलं. जमिनीवर ती खोलीतून ओरडते तरी मला ऐकू जात नाही.

खाली आल्यावर तिथल्या एकाने सांगितलं की भूगोलात आपण जो अ‍ॅटॉल शब्द शिकलो तो त्यांच्या धिवेही भाषेतला आहे. शाळेत कंकणद्वीप म्हणून पाठ केलं होतं. कंकण म्हणजे काय ते मला त्या दोराच्या टोकाला कळलं.

*

घरकोंबडा

गेलो नाही. पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. बायको आणि मेहुणी गेल्या, मी बोटीवर विंचपाशी बसलो. ड्रमवरून दोर सुटत जातो तेव्हा त्याच्यावर रंगाच्या खुणा येतात, त्यावरून किती लांब सोडला ते कळतं. मी खुणा मोजत बसलो. तेही आवडलं.

*

सॅन होजेची पुणेकर

आम्ही फ्लोरिडात गेलो होतो, पैसे भरून बोटीवर चढलो, जॅकेटंही घातली, आणि अर्ध्या वाटेवरून परत आणलं. लांब कुठेतरी वीज चमकली होती, आमच्या डोक्यावर लख्ख ऊन. तेव्हा वैताग आला. नंतर कळलं की तिथे २०१४ पासून कायदाच आहे : सात मैलांच्या आत वीज असेल किंवा सततचा वारा ताशी वीस मैलांच्या वर असेल तर छत्री उघडायची नाही. बोटीवर हवामानाची नोंद ठेवावी लागते. त्या कायद्याला पॅरासेलिंगच्या अपघातात गेलेल्या दोघींची नावं दिली आहेत, एक तर पंधरा वर्षांची होती. ते वाचल्यावर वैताग गेला. पैसे त्यांनी न मागता परत केले होते.

*

कामशेतचा वारा

एक लहानसा खुलासा, कारण हा धागा वाचून एक-दोघांनी मला खासगीत पॅराग्लायडिंगबद्दल विचारलं. कामशेतला आम्ही करतो ते पॅराग्लायडिंग. तिथे पंख असतो, दोर नसतो, आणि दिशा तुम्ही ठरवता. पॅरासेलिंगमध्ये गोल छत्री, आणि दिशा बोट ठरवते. तुम्हाला काहीच चालवायचं नसतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पिएर लमोन्य नावाच्या फ्रेंच माणसाने पॅराशूटला भोकं पाडून ते ओढल्यावर वर चढेल असं केलं, तेही समुद्रावर नाही, मोटारीमागे बांधून. मूळ हेतू पॅराशूटवाल्यांना विमानाशिवाय उतरण्याचा सराव देण्याचा होता. छत्रीच्या मागच्या बाजूला जी भोकं दिसतात ती फाटलेली नसतात, त्यातून हवा मागे जाते म्हणून छत्री पुढे ढकलली जाते.

*

पाणकोंबडी

माझा अनुभव ओला आहे. गोव्यात, डिसेंबर. बोटीचं इंजिन बंद पडलं. कर्लीकाठ म्हणतात तसंच झालं, अगदी सावकाश खाली आले. पण छत्री माझ्या डोक्यावर पडली. ओलं कापड तोंडावर चिकटतं तेव्हा जीव घाबरतो, हे खरंच सांगते. निघण्याआधी बोटीवरच्या एका पोराने, सतरा-अठरा वर्षांचा असेल, मला सांगितलं होतं : कापड अंगावर आलं तर हाताने वर ढकल, श्वास घे, एक शिवण पकड आणि ती सरळ धरून सरकत जा, कड येतेच. तेव्हा मी फोटोच्या नादात होते, तरी ते डोक्यात राहिलं होतं. शिवण बोटांना लागली. धरली. पाच-सहा हात सरकले आणि उजेड दिसला. पाणी कोमट होतं, जॅकेट घट्ट होतं.

त्या पोराला मी नंतर शोधलं आणि त्याचे हात हातात घेतले. बोटीच्या मालकाने मात्र "काय झालं एवढं?" म्हणून हात झटकले. तुम्ही जाल तिथे निदान हे विचारा : पाण्यात उतरले तर मी काय करायचं? ज्याला उत्तर पटकन देता येतं त्याच्याच बोटीवर बसा.

*

धागाकर्ती

सगळ्यांचं वाचून सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. पाणकोंबडीचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं, आणि शिवण कशी धरायची ते सोफ्यावरची चादर डोक्यावर घेऊन करून बघितलं. उन्हाळी सुट्टी, तुमच्याबद्दल म्हणाल्या की मीही मुलाला ओढून काढलं असतं.

कर्लीकाठ, त्या विचारताहेत की देवबागला कधी यावं, पाऊस संपला की लगेच की थोडं थांबून?

*

कर्लीकाठ

दिवाळी होऊंदे. तेव्हा वारो बसता, पाणी पण निवळता. येवा तुम्ही, आणि सासूक घेऊन येवा. सकाळी आठच्या आधी जेटीवर. दोर त्यांनी स्वतः हात लावून बघायचो.