अनुभव धागा: बदल चालू असताना टीमने थांबायचं कधी आणि कसं?

राजवाडाकर, इंदूर
एबी रोडवर बीआरटीएसची, म्हणजे बससाठीच्या वेगळ्या मार्गाची, रेलिंग निघताना पाहिली आणि ऑफिसात हिशेबाचं सॉफ्टवेअर बदललं तो काळ आठवला. कामाचं तेवढं लिहितो. जुनं-नवं किमान एक पूर्ण महिना सोबत चालवा, महिनाअखेर त्यात आलीच पाहिजे. आढाव्याची बैठक २१ तारखेनंतर. जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात, ११ला विक्रीचं जीएसटीआर-१, २०ला कर भरायचं ३बी, त्याआधी अकाउंट्सवाल्यांचं डोकं ठिकाणावर नसतं. आधी ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांची नावे-जमा बेरीज, जुळवा, मग पार्टीवार येणी, मग स्टॉक. एकूण बेरीज जुळते पण पार्टीवार जुळत नाही, तर बहुतेक एकाच पार्टीची दोन नावांनी दोन खाती असतात. तुमच्याकडे कसं करतात?

दांडियाबाजार, बडोदा
केमिकलवाल्यांकडून. तात्पुरता बदल सगळ्यात घातक! फ्लिक्सबरोचा केमिकल प्लांट, इंग्लंड, १९७४. पाच नंबरच्या रिॲक्टरला भेग पडली, तो काढला आणि ४ व ६च्या मध्ये २० इंची बायपास पाइप टाकला. त्याचं ड्रॉइंग म्हणजे वर्कशॉपच्या फरशीवर खडूच्या रेघा. वर्क्स इंजिनिअरची जागा तेव्हा रिकामी होती, म्हणजे ज्याने अडवायचं तोच नाही. बाकीच्या रिॲक्टरांना भेगा आहेत का, तेही नीट न बघता प्लांट सुरू केला. स्फोट झाला, २८ माणसं गेली.
म्हणून तात्पुरत्या बदलाच्या कागदावर संपायची तारीख हवीच. आणि सुरू करण्याआधी प्रॉडक्शन, मेंटेनन्स, इन्स्ट्रुमेंट, सेफ्टी, चौघांनी जागेवर जाऊन बघायचं. केबिनमध्ये बसून सह्या नाहीत.

लष्करवाली सिस्टर, ग्वाल्हेर
ड्यूटीवर निघतेय, पटकन लिहिते. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, तीन थांबे: भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी, पेशंट बाहेर नेण्याआधी. डब्ल्यूएचओची यादी, २००८ची, १९ मुद्दे. दुसऱ्या थांब्याला प्रत्येकाने नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. हेच सगळे गाळतात. पण ज्या ज्युनिअरने एकदा तोंड उघडलं, ती पुढे "सर, एक स्पंज कमी आहे" म्हणायला कचरत नाही. बरोबरच्या खुणा आधीच करून ठेवल्या तर यादीचा काही उपयोग नाही. नवा स्टाफ आला की वाचायला त्यालाच द्या.

पोहे_जिरावण
ताई, दुसऱ्या थांब्याला भुलीचे डॉक्टर फोनवर असले तर?

लष्करवाली सिस्टर
तर सुरी द्यायची नाही. फोन संपेपर्यंत सगळे उभे.

मल्हारगंजची मावशी
आमचं आपलं गणपती मंडळ. पीओपी सोडून शाडू घ्यायची तर मूर्ती जड होते, उचलायला माणसं जास्त लागतात, पाटाखाली फळी जाड हवी. आढावा विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी नको, सगळ्यांचे घसे बसलेले असतात. पितृपक्षातच उरका, नवरात्र लागलं की एकजण सापडत नाही. पावत्या तोवर खजिनदाराकडे जमा.

दांडियाबाजार
मावशी, शाडूला भेगा जातात त्याचं काय करता?

मल्हारगंजची मावशी
उन्हात वाळवू देऊ नका रे, सावलीतच. पंखाही नको. एका बाजूने लवकर सुकते आणि तडकते.

पोहे_जिरावण
आयटीत चालणारी आढाव्याची पद्धत, मुळात अमेरिकी लष्कराची. प्रश्न चार: काय ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला, आता काय करायचं. पहिल्या दोघांना मिळून पाव वेळ, तिसऱ्याला पाव, उरलेला अर्धा चौथ्याला. आपल्याकडे "काय झालं" यातच तास जातो आणि चौथा प्रश्न चहाबरोबर संपतो. सुरुवातीला पाच मिनिटं गप्प बसून प्रत्येकाने चिठ्ठी लिहायची. साहेब सगळ्यात शेवटी बोलणार. ते आधी बोलले की चिठ्ठ्या खिशातच राहतात. शेवटी तीनच कामं, प्रत्येकापुढे एक नाव आणि तारीख. "सगळ्यांनी लक्ष द्यावे" असं लिहिलं की ते कुणाचंच काम नसतं.

राजवाडाकर
साहेबच म्हणाले मी आधी बोलतो, तर?

पोहे_जिरावण
काका, चिठ्ठ्या गोळा करून वाचायचं काम त्यांनाच द्या.

दांडियाबाजार
हे उद्याच करतो. मावशी, जाड म्हणजे किती जाड फळी?