एतेल अदनानच्या चित्रांत युद्ध नक्की कुठे आहे?

लिंबूकोथिंबीर
नमस्कार मंडळी, प्रश्न बाळबोध वाटला तर हसा आणि सोडून द्या. माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते, तिने मागे न्यूयॉर्कच्या गुगेनहाईम म्युझियममधून एक पोस्टकार्ड आणलं होतं, ते आमच्या फ्रिजवर लावलंय. एक डोंगर, वर सूर्य, खाली दोन-तीन रंगाचे पट्टे, बास. परवा मॅग्नेट पडला म्हणून कार्डाची मागची बाजू वाचली, एतेल अदनान, जन्म बैरुत. मग शोधत बसले तर जो तो लेख हेच सांगतोय की युद्धांच्या सावलीत वाढली, आई ग्रीक, वडील सिरियन, दोन संस्कृती वगैरे वगैरे. अहो पण चित्रात कुठे आहे हे सगळं? इतका गोड गुलाबी रंग! माझी सहा वर्षांची पोरगी म्हणते, आई हे मी पण काढीन. चरित्र चिकटवून चित्र खपवायची टूम तर नाही ना ही?

खडूफळा
टूम नाही हो. पण प्रश्न रास्त आहे. आधी घर बघा. वडील दमास्कसचे मुसलमान, ऑटोमन म्हणजे जुन्या तुर्की साम्राज्याच्या सैन्यात मोठे अधिकारी, मिलिटरी अकादमीत केमाल अतातुर्कच्या (आधुनिक तुर्कस्तानचा संस्थापक) बरोबरचे. आई स्मिर्नाची, म्हणजे आजचं इझमिर, ग्रीक ख्रिश्चन. पहिल्या महायुद्धात वडिलांचं साम्राज्यच बुडालं आणि 1922 ला आईचं शहर जळून खाक झालं, दोघं बैरुतला येऊन राहिले आणि 1925 मध्ये ही झाली. जेवताना काय विषय निघत असतील विचार करा. घरात ग्रीक आणि तुर्की, शाळा फ्रेंच नन्सची जिथे अरबी बोललं की शिक्षा, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की सगळी अरबी. 1941 मध्ये ब्रिटिश आणि द गॉलवाल्यांनी (हिटलरविरुद्ध लढणारे फ्रेंच) विशी सरकारकडून (हिटलरशी जुळवून घेतलेलं फ्रेंच सरकार) बैरुत घेतलं तेव्हा ही 16 वर्षांची.

आणि गंमत म्हणजे तोवर चित्रकलेचा पत्ता नाही. पुढे पॅरिसला सॉर्बॉन विद्यापीठात फिलॉसॉफी, मग अमेरिकेत बर्कली विद्यापीठ, मग कॅलिफोर्नियात एका कॉलेजात कलेचं तत्त्वज्ञान शिकवायला लागली. तिथल्या चित्रकलेच्या बाईंनी विचारलं, स्वतः चित्र काढत नाहीस तर शिकवतेस कसं? ही म्हणाली, आई म्हणायची माझे हात धड नाहीत. त्यावर बाई म्हणाल्या, आणि तू ते खरं मानलंस? झालं! तिशी उलटल्यावर सुरुवात.

रिकामटेकडा_पुणे
तिचं काम करायची पद्धत बघितलीत का, कॅनव्हास छोटासा, टेबलावर आडवा ठेवलेला, ट्यूबमधून रंग थेट काढून पॅलेट नाइफने (रंगाची चपटी सुरी) थापायचा आणि एका बैठकीत चित्र संपवायचं. आपल्या चित्रकार वासुदेव गायतोंडेंची आठवण येते, त्यांच्याकडेही नाइफ, आणि दोघांचं वयही सारखंच, ते नोव्हेंबर 1924 नागपूर, ही फेब्रुवारी 1925. दोघांची मोठी प्रदर्शनं गुगेनहाईमलाच, त्यांचं 2014 ला (गेल्यावर), हिचं 2021 ला. ते चालू असतानाच ती गेली, 96 वर्षांची.

आणि तो डोंगर म्हणजे माउंट तमालपाईस, कॅलिफोर्नियातल्या तिच्या सॉसालिटोच्या घराच्या खिडकीतून दिसायचा. उंची 784 मीटर, म्हणजे सिंहगडापेक्षाही कमी, तरी बाईने आयुष्यभर काढला.

खडूफळा
गायतोंडेंना नका ओढू इथे, नाइफ सोडला तर काही संबंध नाही. ते महिनोन्‌महिने विचार करून थर चढवायचे आणि उतरवायचे. ही एका दुपारची माणूस.

अर्धवटराव
मूळ प्रश्नावर येतो. युद्ध तिने चित्रात ठेवलंच नाही, लिखाणात ठेवलं. 1972 ला बैरुतला परत गेली, पेपरात सांस्कृतिक पान बघायची, आणि 1975 ला लेबनॉनमध्ये यादवी पेटली. त्यानंतर 'सित्त मारी रोझ' ही कादंबरी आली, एका बाईच्या अपहरणाची आणि खुनाची, ती वाचून झाल्यावर मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो. 'अरब अपोकॅलिप्स' या दीर्घ कवितेत तर सूर्यच सूर्य आहेत, पिवळा, हिरवा, काळा, आणि सगळे अंगावर येणारे. मध्येच शब्द थांबतात आणि बाण, गोल, गिरमिट सुरू. आता तुमच्या फ्रिजवरचा सूर्य बघा. सूर्य तोच, पण तिथे तो कोणाला मारत नाही. माझं मत विचाराल तर ती कॅनव्हासवर सुट्टीला यायची. 'युद्धाचे व्रण' वगैरे त्या डोंगरात शोधणाऱ्यांनी तिची पुस्तकं उघडलेली नसतात.

मडगांवकार
सुट्टी हा शब्द पटला नाही राव. अल्जीरियाच्या फ्रान्सविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्याच्या वेळी तिला फ्रेंचमध्ये लिहावंसं वाटेना, राज्यकर्त्यांची भाषा म्हणून. अरबी लिहिता येत नव्हती. तेव्हा ती म्हणाली की मी अरबीत चित्रं काढीन. म्हणजे चित्राची सुरुवातच युद्धावरून झालेल्या भांडणातून आहे (पुढे कादंबरी परत फ्रेंचमध्येच लिहिली, असो, माणूस आहे).

माझी आजी पोर्तुगीज शाळेत शिकली, वाणसामानाची यादी पोर्तुगीजमध्ये आणि शिव्या कोंकणीत. तिला कोंकणीत पत्र लिहायला सांगितलं की हात थांबायचा, कारण ती भाषा तिच्या तोंडात होती, बोटात नव्हती. त्यामुळे मला एतेलची डोंगरांपेक्षा घडीची पुस्तकं जास्त भिडतात. जपानी कागदाची लांबलचक पट्टी, पेटीच्या भात्यासारखी उघडते, आणि त्यावर अरबी कवींच्या ओळी हाताने उतरवलेल्या, बाजूला जलरंग. सगळा अर्थ कळत नसताना. लहानपणी वडिलांनी अरबी शिकवायची म्हणून व्याकरणाच्या पुस्तकातली पानंच्या पानं उतरवून काढायला लावली होती, कळो न कळो. चाळिशीत तेच करत बसली, यावेळी हौसेने.

लिंबूकोथिंबीर
बापरे, एवढं अपेक्षित नव्हतं, थँक्यू सगळ्यांना. अर्धवटराव, ती कादंबरी मागवते पण जेवण झाल्यावर वाचीन. पोरीला घडीच्या पुस्तकांचे फोटो दाखवले, तिने लगेच चार्टपेपर कापून भाता केला आणि माझ्या आईच्या जुन्या वहीतली मोडी उतरवतेय, घरात कोणालाच वाचता येत नाही ती. मध्येमध्ये गुलाबी स्केचपेनने डोंगर.