विसरलेल्या घड्याळाचे काय?
कामाचा वेळ साध्या मजकुराच्या फायलीत नोंदवण्यावर एक आक्षेप घेतला जातो: वेळ मोजणारे घड्याळ थांबवायला विसरले, की दिवसभराची नोंद निकामी होते. तो मला अर्धाच मान्य आहे. विसरणे सर्वांकडूनच होते. परंतु ईमॅक्स या मजकूर-संपादक प्रोग्रॅममधील ऑर्ग-मोडने, म्हणजे नोंदी आणि कामाचा वेळ ठेवणाऱ्या त्याच्या भागाने, त्यावर केलेली सोय कोणी सांगताना दिसत नाही. ‘ऑर्ग-क्लॉक-आयडल-टाइम’ हे सेटिंग मुळात बंद असते. तिथे १० हा आकडा दिला, की दहा मिनिटांहून अधिक काळ संगणकाला हात न लावता आपण परतलो, तर तो मोकळा वेळ कामात धरायचा, वजा करायचा की त्यातील काही मिनिटेच ठेवायची, असे ऑर्ग-मोड विचारतो.

मी भाषांतराचे काम तासांवर करतो. एकदा जेवायला उठलो तो बँकेची कामे उरकूनच परतलो, आणि एका परिच्छेदापुढे ४ तास २० मिनिटे लागली! तेव्हा ही सोय चालू नव्हती. पण फायलीत ‘क्लॉक’ने सुरू होणाऱ्या त्या नोंदीच्या ओळीतील शेवटची वेळ हाताने बदलून कंट्रोल-सी दोनदा दाबल्यावर बेरीज तिथल्या तिथे दुरुस्त झाली. फोनवरच्या चर्चेचा वेळ मात्र कळफलक न हलल्यामुळे ‘मोकळा’ ठरतो, तेव्हा घाईने तो वजा करू नये.